दोष कुणाचाच नाही

चैत्राचे ऊन माळावर उतरते, तेव्हा खंडोबा अणदूरच्या देवळात असतात. सव्वादहा महिने अणदूर आणि पावणेदोन महिने नळदुर्ग, अशी देवाची वस्ती. देव एक, घरे दोन. त्याने देवपण उणे होत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दरवर्षी २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिनी, ही रीत हटकून आठवते. करुणेचीही अशीच दोन घरे असतील का, एक विज्ञानाचे आणि एक श्रद्धेचे?

जत्रेत हलगी कडाडते, भंडारा उधळला जातो आणि गर्दीत एखादे स्वमग्न लेकरू दोन्ही कान दाबून मटकन खाली बसते. कुणी म्हणते, ‘आईनं लाडावलंय.’ कुणी म्हणते, ‘बाहेरचं लागलंय.’ आई पदर सावरत मान खाली घालते. १९४३ साली मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले, त्यानंतर वैद्यकानेही कित्येक वर्षे आईच्याच मायेत खोट काढली. स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिम्लंड यांनी १९६४ साली तो आरोप खोडून काढला. आजचा वर्तनतज्ज्ञ दोष शोधत नाही. आधी काय घडले, मूल कसे वागले, पुढे काय झाले, एवढे वहीत टिपतो आणि तिथून वाट काढतो.

श्रद्धेच्या घरीही, जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? कुणाचेच नाही, असे उत्तर योहानाच्या शुभवर्तमानात आहे. श्रद्धा उपचाराची जागा घेत नाही. पण आईच्या माथ्यावरचे ओझे दोन्ही घरी उतरते.

ही दोन घरे एकाच अंगणात नांदलेली आपण जवळच पाहिली आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून जामखेडला अल्पशिक्षित बायकांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले. आपल्या अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेची नोंद घेतली आहे. ती नोंद उंबऱ्यापर्यंत पोहोचवणे आता आपल्याकडे आहे.

पुढच्या जत्रेत कान दाबून बसलेले लेकरू दिसले, तर घटकाभर हलगी थांबवू या आणि त्याच्या आईला सावलीत जागा करून देऊ या.