परतीची बोट किती वाजता?

बँकेत असताना कर्जाचा प्रस्ताव हाती आला की मी तो शेवटच्या पानापासून वाचीत असे. रक्कम कशासाठी हवी हे नंतर. परतफेड केव्हा व कशातून होणार, हे आधी. निवृत्तीनंतर ही सवय सुटेल असे वाटले होते. परंतु सध्या एका दूरच्या बेटावरील पायवाटेचा आराखडा आखताना तीच पुन्हा उपयोगी पडत आहे.

चिरंजीव नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे असतात. येत्या जूनमध्ये आम्ही उभयतां तेथे जाणार असून, उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील हॉय या बेटावर एक दिवस पायी हिंडावे, असा विचार आहे. हॉयच्या पश्चिम किनाऱ्यावर तांबड्या वालुकाश्माचा १३७ मीटर उंचीचा सुळका समुद्रातून सरळ वर आला आहे. त्यास ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’, म्हणजे हॉयचा म्हातारा, असे म्हणतात. १९६६ साली तीन गिर्यारोहक त्यावर प्रथम चढले. आम्हांस चढावयाचे नाही. समोरच्या कड्यावरून पाहावयाचे आहे. विल्यम डॅनियल या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या सुळक्याचे चित्र काढले, तेव्हा म्हाताऱ्यास दोन पाय होते. पुढे एक पाय समुद्राने नेला. हाच डॅनियल तरुणपणी आपल्या काकांसह हिंदुस्थानात आला होता आणि आपल्या घारापुरीचीही चित्रे त्याने काढली आहेत. हे वाचल्यापासून तो म्हातारा मला अगदीच परका वाटेनासा झाला.

वाट रॅकविक नावाच्या किनाऱ्यावरील वस्तीपासून निघते. जाऊन-येऊन सुमारे ९ किलोमीटर. प्रारंभीचा चढ दम काढणारा, नंतर उघड्या माळरानातून बरीचशी सपाट चाल. हे माळ आपल्या पठारांसारखे कोरडे नव्हेत. खाली काळी, पाणी धरून ठेवणारी माती, वर हेदरची खुरटी झुडपे. वाट सोडली की पाय रुततो. शेवटी कड्याच्या टोकास कठडा नाही, आणि वारा तर तेथे बारमाही. वारा समुद्राकडे ढकलीत असेल तर छायाचित्राचा मोह सोडून चार पावले मागेच उभे राहावे, हे मी नातवासाठी ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे.

आता शेवटचे पान. हॉयवर जाण्यासाठी स्ट्रॉमनेस येथून प्रवाशांची छोटी बोट मोअनेसच्या धक्क्यास येते. तिच्या वेळा ऋतूनुसार व वारानुसार बदलतात. समजा, परतीची बोट ५ वाजता आहे. धक्क्यावर साडेचारला हवे, म्हणजे रॅकविकहून वाहन ४ वाजता निघावयास हवे. आमच्या वयास उतरावयास दोन तास, अधिक अर्धा तास राखीव. तात्पर्य, दीड वाजता आम्ही जेथे असू तेथून मागे फिरावयाचे. म्हातारा दिसो वा न दिसो. रॅकविकचे वाहन जाण्यासाठी व येण्यासाठी दोन्ही वेळचे आधीच पक्के करावयाचे. ते चुकल्यास धक्क्यापर्यंत आणखी सात-आठ किलोमीटर चाल आहे, आणि बोट कोणासाठी थांबत नाही.

उजेडाची मात्र चिंता नाही. जूनच्या उत्तरार्धात तेथे सूर्यास्त रात्री साडेदहाच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांस इतकी सवलत अन्यत्र क्वचितच मिळेल! रॅकविकला दुकान नाही, म्हणून खाकरे, ठेपले व गरम पाण्याचा थर्मास पाठीवरच. सुती कपडे नकोत. ते भिजले की अंगातील ऊब ओढून घेतात. लोकरीचे कपडे व वर जलरोधक कोट हवा. मोबाइलची रेंज गृहीत न धरता कागदी नकाशा जवळ ठेवावा.

एक प्रसंग मात्र नवखा माणूस ध्यानीमनी नसताना ओढवून घेतो. या माळावर बॉन्क्सी नावाचे मोठे तपकिरी समुद्रपक्षी जमिनीवरच घरटी करतात. मे ते ऑगस्ट या काळात कोणी पिलांच्या जवळ गेले की ते थेट डोक्यावर झेप घेतात. उपाय सोपा आहे: काठी डोक्यापेक्षा उंच धरावी, म्हणजे ते तिच्यावरून वळतात, आणि निमूटपणे वाटेवर परत यावे. २०२१ व २०२२ मधील बर्ड फ्लूने हे पक्षी फार मोठ्या संख्येने दगावले. घर त्यांचे आहे, वाट चुकलेले आपण.

एवढा हिशेब मांडून झाल्यावर चिरंजीवांनी फोनवर सुचविले, “बाबा, आईला कशाला चालवता? स्क्रॅब्स्टरहून ऑर्कनीला जाणारी मोठी बोट त्या सुळक्याजवळूनच जाते. दीड तासाचा प्रवास. ती डेकवरूनच पाहील.” सूचना शहाणपणाची होती. मी मान्यही करून टाकली, सौ.ना न विचारता.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगणे भाग आहे. सह्याद्रीतील एका गडावर ‘आलोच आहोत तर माथा गाठू’ हा हट्ट माझा होता. उतरताना अंधार झाला, सौ.चा गुडघा दुखावला आणि दोन महिने त्यांना जिना वर्ज्य झाला. मागे फिरण्याची वेळ मी तेव्हा ठरविलीच नव्हती. त्या मात्र वाटेत दोनदा म्हणाल्या होत्या, “अहो, आता पुरे.”

त्यामुळे बोटीचा बेत कळताच त्या शांतपणे म्हणाल्या, “तेव्हा थांबायचं होतं तर तुम्ही चालवलंत. आता चालायचं आहे तर बसवता.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी आराखड्यात एक ओळ वाढविली: परत फिरण्याचा निर्णय दीडच्या आधी केव्हाही त्यांनी घ्यावा, कारण विचारले जाणार नाही, आणि सर्वजण एकत्रच परततील. चिरंजीवांनीही ती मान्य केली.

डॉक्टरांनी हळूहळू चढण्याची परवानगी दिली आहे. महिनाभर आम्ही रोज सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर जातो. काल त्या मध्ये न थांबता वर गेल्या. उतरताना मात्र कठडा धरला. बोटीचे उन्हाळी वेळापत्रक प्रसिद्ध झाले की तिकिटे काढावयाची आहेत. किती काढावयाची, हे त्या सांगणार आहेत.