पहिली गाडी सपाटीवरच धावू द्या

आगगाडीचा संच घरात आला की पहिले चार दिवस सगळे घर जमिनीवर बसते. गाडी गोल फिरते, टाळ्या पडतात. पाचव्या दिवशी केर काढताना रूळ आड येतात, कुणाचा तरी पाय पडून एक रूळ वाकतो आणि संच खोक्यात जाऊन कपाटावर चढतो. खरा छंद सुरू व्हायला हवा तो इथून. रुळांना कायमची जागा द्यायची, भोवती स्टेशन, डोंगर, गाव उभे करायचे. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. मात्र सुरुवातीचे दोन-तीन निर्णय चुकले, तर काम अर्ध्यावर राहते आणि घरात धुसफूस तेवढी उरते.

जागेचा हिशेब

पहिला निर्णय प्रमाणाचा. जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण म्हणजे एचओ. यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाची असते आणि रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. खरा प्रवासी डबा साधारण २१ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये तो २४-२५ सेंटिमीटरचा होतो. दुसरे प्रमाण एन. ते १६० व्या हिश्शाचे असून रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर असते.

एचओमधले नेहमीचे वळण १८ इंच त्रिज्येचे. अर्धगोलालाच तीन फूट लागतात, कडेला थोडी मोकळी जागा सोडली की चार फूट. म्हणून ८ बाय ४ फुटांचे प्लायवूड नवशिक्यांना सोयीचे. पण दोन खोल्यांच्या घरात एवढी फळी म्हणजे आणखी एक पलंगच! तिथे ४ बाय २ फुटांत मावणारा एन संच बरा. फळीला चाके लावून ती पलंगाखाली सरकवता येते किंवा बिजागऱ्या लावून भिंतीला उभी करता येते. जागा कोणती, हे घर सांभाळणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवावे. न विचारता मांडलेली रेल्वे पहिल्या पाहुण्यांबरोबरच उखडली जाते.

घाटाचा मोह

डोंगर, बोगदा आणि एका रुळावरून दुसरा नेणारा पूल, हे चित्र सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर असते. इथे थोडे गणित करावे. एचओमध्ये खालून गाडी जायला साडेसात सेंटिमीटर उंची लागते. मॉडेलच्या गाडीला ५० स एक चढ सुखाने झेपतो. म्हणजे तेवढी उंची गाठायला पावणेचार मीटर, सुमारे १२ फूट रूळ हवा आणि उतरायला पुन्हा १२ फूट. ८ बाय ४ च्या फळीवर एक फेराच जेमतेम १७-१८ फुटांचा होतो! १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाचा चढ ३७ स एक असल्याने तिथे खऱ्या गाड्यांनाही जादा इंजिने जोडावी लागतात. म्हणून पहिली मांडणी सपाट ठेवावी. एक फेरा, दोन सांधे आणि डबे उभे करायला एक बाजूचा रूळ एवढे पुरे. हौसेसाठी बोगदा करावा, पण त्याची मागची बाजू उघडी ठेवावी. घसरलेला डबा नेहमी आतच अडकतो.

विजेचे काम

बहुतेक साध्या संचांत रुळांतून १२ व्होल्टचा डीसी प्रवाह जातो. एक रूळ धन, दुसरा ऋण. जोडणी उलटी केली की गाडी उलटी धावते. त्यामुळे रूळ वळवून पुन्हा त्याच रुळाला जोडला, तर धन-ऋण एकत्र येऊन शॉर्ट होतो. असा फास सुरुवातीला टाळावा. लांबच्या टोकाला गाडी मंदावली तर दोष इंजिनाचा नसतो, रुळांच्या जोडांतून वीज कमी पोहोचत असते. फळीखालून आणखी दोन-तीन ठिकाणी तारा जोडाव्यात. ट्रान्सफॉर्मर मात्र तयारच घ्यावा; घरच्या विजेशी खेळ नको. रुळांवरची धूळ मऊ कापडाने पुसावी. काचकागद घासल्यास ओरखडे पडतात आणि त्यांत घाण आणखी साचते.

देखावा घरचाच

इंजिन आणि रूळ महाग पडतात, देखावा नाही. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा आणि थोडे प्लॅस्टर यांचा डोंगर होतो. हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा म्हणजे गवत. वाळक्या काड्यांना घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे चिकटवले की झाडे तयार. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. काम सुरू करण्याआधी जमल्यास मुलांना घेऊन ते पाहावे.

गाडी कुणाची?

बरेचदा संच मुलाच्या नावाने येतो आणि हात लावायची बंदीही मुलालाच असते. वडील रूळ ठोकतात, मुले लांबून पाहतात. महिन्याभरात त्यांचा रस संपतो आणि मग ‘एवढा खर्च केला’ हे ऐकावे लागते. कामे पहिल्याच दिवशी वाटावीत. करवत आणि डाखकाम मोठ्यांचे. स्टेशनचे नाव, वेळापत्रक आणि झाडे मुलांची. रविवारचे दोन तास ठरवावेत. अभ्यासाची शिक्षा म्हणून गाडी बंद करू नये. मुलीने सांधा वाकडा बसवला तर गाडी तिथे घसरेल. तो उपटून सरळ करण्याचे कामही तिच्याकडेच राहू द्यावे. दुसऱ्यांदा बसवलेला सांधा सहसा नीट बसतो.