चार मीटरांची समीक्षा

मोटार-पुरवण्यांत 'तौलनिक परीक्षण' या नावाखाली जे छापले जाते, त्याला तुलना म्हणण्यास आमची हरकत आहे. चार 'कॉम्पॅक्ट एसयूव्हीं'चे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे, प्रत्येकीला 'दमदार' हेच विशेषण बहाल करायचे आणि अखेरीस 'निवड तुमची' म्हणून हात झटकायचे! एम. ए.च्या विद्यार्थ्याने दोन कादंबऱ्यांची अशी तुलना केली असती, तर आम्ही त्याला निकष विचारले असते.

नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट या चौघींची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे. यात योगायोग नाही. हा कराचा महिमा. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरांच्या आतील गाडीला सवलत आहे, मात्र पेट्रोल इंजिन १२०० सीसीपेक्षा आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे नसावे. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, इतरांवर ४०. ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे. म्हणजे लांबीत बसूनही ती दुसऱ्या गटात जाते. ग्राहकाच्या पैशातला किती भाग गाडीचा आणि किती कराचा, हे परीक्षकाने सांगायचे नाही तर कोणी?

'स्पोर्ट युटिलिटी' हे नामाभिधानही जरा तपासावे. या चारही गाड्यांत इंजिनाची शक्ती केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते. उंची सोडली, तर चिखलात त्यांची गत साध्या हॅचबॅकहून फार निराळी नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र इतका हलका नाही. २०१८ साली ग्लोबल एनकॅपने नेक्सॉनला पाच तारे दिले आणि ते पुढे वर्षानुवर्षे मिरवले गेले. ते प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी होते, मुलांसाठी तीनच. ब्रेझाला त्याच वर्षी अनुक्रमे चार आणि दोन. (२०२४ मध्ये सुधारित नेक्सॉनने दोन्हींत पाच मिळवले, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. गाडीचे नाव तेच राहते, गाडी बदलते. तारे कोणत्या वर्षीचे, हे म्हणून विचारावे लागते.) मुलांचा हा दुसरा आकडा वगळणाऱ्या परीक्षणाला आम्ही जाहिरात समजतो.

पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी आणणारे कुटुंब पुढची पाच-सात वर्षे हप्ते फेडते. त्याला सनरूफवर दोन परिच्छेद वाचायला मिळतात. मागच्या बाकावर मधोमध बसणाऱ्या आजीच्या गुडघ्यांविषयी एक ओळही आमच्या वाचनात आलेली नाही.