द्राक्षांचा ग्लुकोमीटर

२०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे अडकली. बागायतदार त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. वेलीची वाढ रोखायला ते वापरायचे. निर्यातीआधी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच! म्हणजे आपल्या भाषेत, टेस्ट केसच लिहिलेली नव्हती. फटका मात्र बागायतदाराला.

तरी निर्यातीच्या द्राक्षांचं बरं आहे. ग्रेपनेटमधे बागेची नोंद असते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. तुम्ही-आम्ही हातगाडीवरून घेतो त्यांचं काय? प्रयोगशाळेतली यंत्रं महागडी, चालवायला प्रशिक्षित माणूस हवा. मार्केट यार्डातली प्रत्येक गाडी अशी तपासणं अशक्यच.

म्हणून मला इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर महत्त्वाचे वाटतात. ग्लुकोमीटर घरोघरी आहे, तत्त्व तेच. पट्टीवर एक एन्झाइम असतं. त्याच्या क्रियेतून तयार होणारा पदार्थ इलेक्ट्रोडवर वीजप्रवाह देतो. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशकं हे एन्झाइम बंद पाडतात. प्रवाह जितका घटला, तितका अंश जास्त. किडीच्या मज्जासंस्थेवर औषध ज्या मार्गाने घाव घालतं, तोच मार्ग इथे मोजमाप होतो. आहे की नाही झकास?

आता अडचणी. प्रवाह घटला हे कळतं, कोणत्या औषधाने ते कळत नाही. जड धातूंमुळेही एन्झाइम मंदावतं. उन्हाळ्यात पट्टी टिकवणं अवघड. आणि २०१० चं सीसीसी या दोन्ही गटांतलं नाही, त्यामुळे अशा पट्टीवर भरवसा ठेवून ते सापडलं नसतं.

मग उपयोग काय? माझ्या मते याला स्मोक टेस्ट समजावं, अंतिम निकाल नाही. संशयास्पद माल निघाला तर तेवढाच नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. पट्टी बघून शेतकऱ्याला दंड ठोकायला माझा ठाम विरोध आहे. एका चुकीच्या अलार्मने वर्षभराची मेहनत मातीमोल होऊ शकते. उलट हे यंत्र आधी त्याच्याच हातात द्यावं. काढणीच्या आठवडाभर आधी कळलं तर तो थांबू शकतो. यार्डाच्या गेटवर कळून काय उपयोग?

आणि पट्टी ‘ठीक’ म्हणाली, म्हणून ‘विषमुक्त’ची पाटी लावू नये. टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं कधी असतं का? :-)

तुम्हाला काय वाटतं?