शालिमारची कुपी

सुगंधी द्रव्यांविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असें आमचे नेहमींचे वाचक विचारतील. अधिकार कांहींच नाहीं. लग्नकार्यांत उलट्या हातावर लागलें तेवढें अत्तर आणि क्वचित् कानांत ठेवलेला हिन्याचा फाया, एवढीच आमची पुंजी. परंतु गेल्या महिन्यांत एक विलायती, आणि तेंही बायकांचें, अत्तर आमच्या मनगटावर येऊन बसलें व दुसऱ्या दिवशींच्या स्नानापर्यंत तेथून हललें नाहीं.

त्याचें असें झालें. आमची पुतणी परदेशांतून आली, तिनें आपल्या आईसाठीं एक कुपी आणली. नांव 'शालिमार'. पॅरिसच्या गेर्लां पेढीचें हें अत्तर झाक गेर्लां यानें सिद्ध केलें व १९२५ सालीं तेथील सजावटी कलांच्या प्रदर्शनांत तें मांडलें गेलें. कुपीचा घाट उघडलेल्या पंख्यासारखा, वर निळें बूच. शहाजहान आणि मुमताज यांच्या प्रीतीची व त्यांच्या बागेची कथा या नांवाला जोडलेली आहे. आम्हांस जरा हसूं आलें. मुमताजमहाल १६३१ सालीं बऱ्हाणपुरास वारली. लाहोरच्या शालिमार बागेचें काम निघालें १६४१ सालीं, आणि काश्मिरांतली बाग तर तिच्या सासऱ्याच्या अमदानींतली. असो. अत्तरानें इतिहास सांभाळावा असा आमचा आग्रह नाहीं.

वहिनींनीं कुपी उघडलीच नाहीं. "मला आतां कशाला ग?" म्हणून ती कपाटांत गेली. दादा जाऊन अकरा वर्षें झालीं. मुलगी कांहीं बोलली नाहीं. परत जातांना मात्र तिचे डोळे भरले होते. मग एका दुपारीं वहिनी कुपी घेऊन आमच्यापुढें उभ्या. "भावोजी, उद्यां तिचा फोन येईल, वास कसा आहे म्हणून विचारील. खोटें कसें बोलूं? तुम्हीच जरा लावून पाहा आणि काय तें मला सांगा."

आम्हीं मनगटावर एक फवारा मारला. पहिला वास ओल्या लिंबाची साल नखानें सोलावी तसा. हें बर्गमोट, इटलीच्या दक्षिणेस कॅलाब्रियांत होणाऱ्या एका आंबट फळाच्या सालीचें तेल. तें हलकें, मद्यार्काबरोबरच उडूं लागतें. चहाची वेळ झाली तों लिंबू नाहींसें झालें होतें. कनोजचे अत्तरवाले गुलाबाची वाफ चंदनाच्या तेलांत उतरवितात; तें तेल कातडीला धरून राहतें, म्हणून आपलें अत्तर पहिल्यापासून अखेरपर्यंत बहुधा एकाच सुरांत बोलतें. या बाईसाहेबांचे सूर मात्र दर तासास निराळे. दिवेलागणीस व्हॅनिलाची गोडी वर आली, आणि तिच्या मागें धुराचा नि चामड्याचा असा कांहीं तरी गंभीर वास. झाक गेर्लांनें व्हॅनिलाच्या शेंगेहून तीव्र असें एथिल व्हॅनिलिन नांवाचें रासायनिक द्रव्य यांत मोकळ्या हातानें घातलें, असें म्हणतात.

जेवतांना वहिनी वाढावयास वांकल्या आणि क्षणभर थांबल्या. "चामड्याच्या पिशवींतून कुणी कस्टर्ड नेलें असावें," त्या म्हणाल्या. आम्हीं ऐकलेला हा त्या अत्तराचा सर्वांत अचूक अभिप्राय. पण पोळी वाढून झाल्यावरही त्या तेथेंच उभ्या होत्या.

तें बायकांचें आहे हें त्या वासांत आम्हांस कोठेंच आढळलें नाहीं. पुरुषांचें एक फडताळ, बायकांचें एक, ही वांटणी दुकानदारांची. आमच्या घरांतून अत्तरदाणी पुरुषांत फिरली, बायकांत फिरली. दोघांचें अत्तर एकच होतें. आमची वांटणी निराळी होती. आमच्याच घरच्या चैत्रांतल्या हळदीकुंकवाला अत्तर, गुलाबपाणी, मोगऱ्याचा गजरा हें सर्व माजघरांत चालतें, आणि अकरा वर्षें वहिनी त्या वेळीं स्वयंपाकघरांत आंब्याची डाळ वाटीत असतात. त्यांना कुणीं मनाई केली नाहीं, असें आम्ही स्वतःस सांगत आलों. "या" असेंही कुणीं म्हटलें नाहीं. सुधारणेवर चार ठिकाणीं बोललेल्या आम्हांस हें लक्षांत यावयास मनगटावर फ्रेंच अत्तर घ्यावें लागलें! त्या रात्रीं पत्नीशीं आम्ही या विषयावर बोललों. ती म्हणाली, "मला दर वर्षीं दिसत होतें." एवढेंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशीं फोन आला. "काकांनीं लावलें," वहिनी सांगत होत्या. "त्यांना नाहीं हो शोभलें. फार वेळ राहतें मात्र." पलीकडून कांहीं तरी विचारलें गेलें असावें. वहिनींनीं एकदां आमच्याकडे पाहिलें, मग पाठ फिरविली आणि आवाज हळू केला.

कुपी आतां कपाटांत नाहीं. त्यांच्या खोलींतल्या खिडकीच्या फळीवर, चष्म्याच्या डबीशेजारीं आहे. तिच्यांतलें अत्तर आमच्या एका फवाऱ्यापेक्षां बरेंच अधिक उतरलें आहे.