गावठीला दाखला कोण देणार?

जून तोंडावर आला की पेणच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. सोबत काकडाची आंबट फळंही लागतात, नाहीतर शेवळं घशाला खाजतात. पाऊस लागला की टाकळा येतो, मग भारंगी, कुर्डू, कंटोळी. रानात आपसूक उगवणाऱ्या या भाज्यांना युरिया कोण घालणार नि फवारा कोण मारणार? तरी मुंबईहून फार्महाऊसवर आलेला शाकाहारी पाहुणा गाडीची काच खाली करून विचारतो, "मावशी, ऑरगॅनिक आहे ना?" मावशीनं वाटा वीसला सांगितला की म्हणतो, "दहाला दे." आणि हाच गृहस्थ शहरातल्या दुकानात हिरव्या शिक्क्याच्या पाकिटावरची छापील किंमत मुकाट मोजतो.

माझं भांडण याच्याशी आहे. सेंद्रिय खाण्याशी नाही.

आमच्या पेण-रोह्याकडं भात कापलं की जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल टाकतात. पाटाचं पाणी नाही, दवावर पीक येतं. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणून खताचंही फारसं अडत नाही. वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात, मडक्यात भाजून पोपटी होते. सुके वाल डब्यात पडले की पुढं वर्षभर मोड आणून, सोलून बिरडं. भात आणि बिरडं, शाकाहारी माणसाला अजून काय हवं? पण आमच्याच घरातली पोरं हे सोडून पाकिटातलं परदेशी धान्य मागवतात, कारण त्यावर 'सेंद्रिय' असं छापलेलं असतं.

आता दुसरी बाजू. पाटीत आहे म्हणून सगळं गावठी असतं असं नाही. वाशीच्या मार्केटमधून आलेली भेंडीही रस्त्याकडेला गावठी म्हणून खपते. जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. राब भाजायला झाडांच्या फांद्या तोडून आपणच डोंगर बोडके केले. युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळं तीनशे रुपयांच्या आत मिळते. शेणखत घालायचं तर गोठा हवा, गोठ्याला गुरं हवीत, गुरांमागं माणूस हवा. मग शेतकरी गोणी उचलतो, त्यात त्याचं काय चुकलं?

म्हणून विचारायचं ते शेताबद्दल विचारा. शेत कुठलं? फवारणी कधी केली, कशाची? पाणी कुठलं? धाटावचे रासायनिक कारखाने आणि कुंडलिका पाहिलेल्या रोहेकराला हा शेवटचा प्रश्न शिकवावा लागू नये. कायद्यालाही एवढं कळतं. सेंद्रिय अन्नाच्या २०१७ च्या नियमांत लहान शेतकऱ्यानं खाणाऱ्याला थेट विकलं तर दाखल्याची सक्ती नाही. फक्त 'जैविक भारत'चा शिक्का त्याला वापरता येत नाही. दाखला घ्यायचाच तर हंगामी पिकाच्या जमिनीला साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. त्या दोन वर्षांत उत्पन्न घटलं तरी सेंद्रियाचा भाव मिळत नाही. तो तोटा शेतकऱ्यानं एकट्यानं सोसायचा आणि पुण्य मात्र खाणाऱ्याचं, हा कुठला न्याय?

"आम्ही जीव मारत नाही," असं सांगणाऱ्यांना तर माझं एकच सांगणं आहे. भाताच्या खाचरात विषारी औषध पडलं की खेकडे, बेडूक, बारके मासे मरतात. तो भात पानात आला की त्यात मांस दिसत नाही, एवढंच. आणि डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट घेऊन तुम्ही तारेचं कुंपण घातलंत, की शेवळं काढायला जायची पायवाट बंद होते. मग रानभाजी महाग झाली म्हणून कुरकुरायचं कुणाजवळ?

खरंच सेंद्रिय खायचं असेल तर दिवाळीच्या सुमाराला, वाल टाकायच्या आधी, ओळखीच्या एका शेतकऱ्याकडं जा. वर्षाचे वाल नि तांदूळ त्याच्याकडं सांगून ठेवा आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या. पीक कमी आलं तर कमी घ्या, पण त्याच भावात पुरवून द्यायला सांगू नका. आणि शेवळांचा वाटा वीसचा असेल तर वीस रुपये काढून द्या.