पहिल्या पगाराचा रकाना

गेल्या पंधरवड्यात, पावसाने उघडीप दिल्यामुळे ओसरीवर दिवेलागणीपर्यंत बसलो असता, आमच्या राजूरच्या चुन्याच्या भट्टीवर उभे आयुष्य राबलेले आणि दीड एकर कोरडवाहू जमिनीवर वर्षाची ज्वारी कशीबशी काढणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले, आणि कागदांनी फुगलेली पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "गुरुजी, पोरीले नर्सिंगले टाकाचं हाय. पन हे कर्ज आपल्याच्यानं फिटन का, तेवढं पाहून सांगा."

पिशवीत एका खाजगी परिचर्या विद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक होते, बँकेच्या शिक्षणकर्जाचा अर्ज होता, आणि तळाशी सातबाराचा उतारा होता. तो उतारा पाहून मला गलबलून आले; कारण चार लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जास तारण लागत नाही, पालकाने सहकर्जदार म्हणून सही केली की पुरते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, आणि मुलीच्या विद्येसाठी जमिनीचा तुकडा अडकवण्याची मनाची तयारी करूनच ते घरातून निघाले होते.

आम्ही तिघांनी मिळून हिशेब मांडला. जी.एन.एम. या परिचर्या पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. शुल्क, वसतिगृह, गणवेश आणि पुस्तके धरून वर्षाला एक लाख, म्हणजे मुद्दल तीन लाख. व्याज दहा टक्के धरले. शिक्षण चालू असताना आणि ते संपल्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. परंतु व्याज काही थांबत नाही, ते सरळव्याजाने साचत राहते, आणि पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी तीन लाखांचे तीन लाख नव्वद हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे 5,150 रुपये पडतात, आणि सात वर्षांत फेडायचे म्हटले तर साडेसहा हजारांच्या जवळ. मुदत वाढवावी तसा हप्ता हलका होतो आणि एकूण भरणा फुगतो. हे तत्त्व त्या गृहस्थांना मला समजावून सांगावे लागले नाही, कारण सावकारी आणि सोसायटी या दोन्ही दप्तरांशी यवतमाळच्या शेतकऱ्याचा परिचय फार जुना आहे.

आता तराजूचे दुसरे पारडे. शासकीय सेवेत कायम झालेल्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 35,400 रुपयांपासून सुरू होते; तिला हा हप्ता पगाराच्या सातव्या हिश्शाइतका, म्हणजे सहज पेलेल असा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर रुजू होणारीच्या हाती वीस हजारांच्या आसपास पडतात. तिच्या पगाराचा चौथा हिस्सा जातो. परंतु आमच्या तालुक्यातील बहुतेक मुलींची पहिली नोकरी लागते ती नागपूर-चंद्रपूरच्या एखाद्या लहान खाजगी रुग्णालयात, आणि तेथे दहा-बारा हजारांवर रात्रपाळ्या करणाऱ्या मुली माझ्या माहितीत आहेत. त्या पगारातून हप्ता वजा केला की खोलीभाडे आणि खानावळ यांनाच उरलेले पुरत नाही, मग घरी काय पाठवणार! वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने स्पष्ट शिफारस केली होती, की पन्नास खाटांहून लहान रुग्णालयातही परिचारिकेस वीस हजारांपेक्षा कमी वेतन नसावे, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने तिला राज्य शासनाच्या परिचारिकेइतकेच वेतन द्यावे. त्या शिफारशीची अंमलबजावणी आमच्या भागात मला तरी कोठे आढळलेली नाही.

आणखी एक विसंगती मला त्या संध्याकाळी फार बोचली. त्याच गृहस्थांनी मुदतीत फेडलेले पीककर्ज राज्याच्या व्याजसवलत योजनेमुळे, जिला आमच्या विदर्भाच्याच डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव दिलेले आहे, त्यांना शून्य टक्क्याने पडते. आणि त्याच घरातील मुलगी रुग्णसेवेची विद्या घ्यायला निघाली की तिच्या कर्जावर दहा टक्क्यांनी व्याजाची आकारणी होते. राज्याने 2024 साली आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या अनेक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु ती माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळवणारीस आहे, आणि या मुलीचे नाव बी.एस्सी. नर्सिंगच्या त्या प्रवेशयादीत लागले नव्हते.

परिचर्येची विद्या महाराष्ट्रात कोणत्या कष्टांनी रुजली हे आठवले म्हणजे हा हप्ता अधिकच जड वाटतो. पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभारले आणि पुढे ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी स्त्रिया धाडल्या, त्या काळी परक्याच्या अंथरुणापाशी उभे राहणे कुलीन स्त्रीस अशोभनीय मानले जाई. तो लोकलज्जेचा अडसर दूर करण्यात त्या पिढीचे आयुष्य खर्ची पडले. आज राजूरचा बाप आपण होऊन मुलीला या वाटेवर पाठवू पाहतो, आणि वाटेवर नाका बसलेला आहे तो बँकेच्या हप्त्याचा.

हा हप्ता पेलेल की नाही हे प्रवेशाआधी कसे कळावे, यासाठी अमेरिकेचा दाखला घेण्यासारखा आहे. तेथील परिचारिकांचे मध्यम वार्षिक वेतन 2023 साली 86,000 डॉलरच्या घरात होते. ते वेतन आपल्याशी तोलण्यात अर्थ नाही. परंतु तेथील शासन 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाने संस्थावार माहिती प्रसिद्ध करते, आणि विद्यार्थ्याच्या डोक्यावर साधारणतः किती कर्ज चढते व पुढे त्याची कमाई किती होते, हे 2015 पासून कोणाही पालकास पाहता येते. आमच्या हातातील त्या माहितीपत्रकात शुल्काची सदतीस कलमे छापली होती, इमारतीची छायाचित्रे होती, दानशूरांची नामावली होती. मागील तुकडीतील किती मुली नोकरीस लागल्या आणि त्यांना पहिला पगार काय मिळाला, याबाबत एक ओळही नव्हती. परिचर्या विद्यालयास मान्यता देताना ही माहिती दर्शनी फलकावर लावण्याची अट शासनाने घालावी, असे मला कळकळीने वाटते. खाटा, शिक्षक आणि प्रयोगशाळा यांची तपासणी होतेच. त्याच तपासणीत हा एक रकाना बसायला फार मोठी तजवीज लागणार नाही.

मुलगी सगळा वेळ गप्प होती. निघताना तिने तो हिशेबाचा कागद मागून घेतला. चार दिवसांनी ती एकटीच परत आली. तिने विद्यालयात दोनदा दूरध्वनी केला होता, आणि दोन्ही वेळा "प्रवेश घेतल्यावर सांगू" असे उत्तर मिळाले होते. मग तिने वणीतील ओळखीच्या, दोन-तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या पाच मुलींना गाठून विचारले, आणि माझ्या हिशेबाखाली आपल्या हाताने एक रकाना आखून पाच आकडे लिहून आणले होते : 9,500, 11,000, 11,000, 13,000 आणि 20,000.

"गुरुजी, ही वीस हजारवाली कंत्राटावर हाय," ती म्हणाली, "ती शिकली तवा सरकारी शाळेत शिकली होती, कर्ज नव्हतं. मी औंदा थांबतो, अन् पुढच्या साली सरकारीचाच फारम भरतो. बाबाले तुमीच सांगा."

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर भट्टीकडे निघालो.